नोरीनच्या एकसष्ट गॅन्सी

माझी बायको नोरीन जूनमध्ये गेली. तिच्या शेवटच्या पाच आठवड्यांत मी तिच्याशी रोज खोटं बोललो. कशाबद्दल, ते सांगायचं तर एका हार्ड डिस्कपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या घरी एक अमिगा आहे. १९९३ सालचा घरगुती कॉम्प्युटर, कीबोर्ड आणि यंत्र एकाच खोक्यात. घेतला मी, खेळ खेळायला. वापरला नोरीनने. त्यात चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम होता. चित्र मोठं करून पाहिलं की पडद्यावर नुसते बारीक चौकोन दिसायचे. नोरीन माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, "हा तर विणकामाचा कागद आहे. ऊठ जरा." एक चौकोन म्हणजे एक टाका. पांढरा सुलट, काळा उलट. त्या दिवसापासून ती खुर्ची तिची झाली.

आम्ही ब्रिडलिंग्टनला राहतो. इथून वर किनाऱ्याने फ्लॅम्बरो, फायली अशी कोळ्यांची गावं आहेत. तिथले पुरुष घट्ट विणीचा गडद निळा स्वेटर घालत. त्याला गॅन्सी म्हणतात. प्रत्येक घरची वीण वेगळी. बायका ती डोक्यात ठेवत, कागदावर कुणी उतरवली नव्हती. बुडालेल्या माणसाचं प्रेत गॅन्सीवरून ओळखायचे असं दुकानदार पर्यटकांना सांगतात. नोरीनला ते ऐकून राग यायचा. "थंडी वाजू नये म्हणून विणायच्या," ती म्हणायची. "आणि शेजारणीला जळवायला."

पंधरा वर्षं ती बसने ह्या गावांत जात होती. सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या दारात उभी राहायची. काहीजणी तीन-तीन वेळा परत पाठवायच्या. मग एखादे दिवशी आत घ्यायच्या, ट्रंकेतून जुनी गॅन्सी काढायच्या, नाहीतर नुसत्या तोंडाने टाके सांगायच्या. नोरीन पेन्सिलने उतरवून घ्यायची आणि घरी येऊन अमिगावर चौकोन भरायची. अशा एकसष्ट आकृत्या झाल्या. त्या बायका आता नाहीत. बऱ्याच गॅन्सीही नाहीत. कसर लागली, किंवा उसवून लोकर दुसऱ्या कशाला वापरली.

पेन्सिलचे कागदही नाहीत. ते मी टाकायला लावले. सहा खोकी होती आणि मला माझी मासिकं ठेवायला जागा हवी होती. "सगळं यंत्रात आहे ना आता," मी म्हणालो. तिने दोन दिवस विचार केला आणि खोकी बाहेर ठेवली.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात अमिगाची डिस्क टकटक वाजायला लागली. मूळची छोटी अडीच इंची डिस्क होती, तीस वर्षांची. मरायला टेकली होती.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये आमचा जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब भरतो. आम्ही अकराजण, बहुतेक निवृत्त. मॅल्कम आमचा सेक्रेटरी. आधी रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. मी डिस्कचं सांगितल्यावर तो म्हणाला, "डिस्कऐवजी ते मेमरी कार्ड घे, गॉर्डन. नखाएवढं असतं. आवाज नाही, तापत नाही."

"आवाज नाही तर चालू आहे हे कळणार कसं?"

"तुझ्याबद्दल नोरीनला कसं कळतं?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, मी खरीखुरी डिस्क बसवणार, साडेतीन इंची, मोठ्या कॉम्प्युटरमधली. माझ्याकडे ऐंशी गिगाबाइटची एक पडून होती. मॅल्कम म्हणाला, "ती आत मावणार नाही. झाकणच बसणार नाही." तिथेच माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी बोटींची इंजिनं दुरुस्त केली. काय मावतं आणि काय मावत नाही हे मला कुणी शिकवायचं नव्हतं.

तीन आठवडे मी गॅरेजमध्ये होतो. आतला पत्र्याचा पडदा कात्रीने कापला. कडा कानशीने घासल्या. डिस्क ठेवायची जुनी पट्टी काढली, प्लास्टिकचे दोन खुंट छाटले, डिस्क आडवी फिरवून कीबोर्डखाली सरकवली. तिला जास्त वीज लागते, म्हणून फ्लॉपीच्या वायरला फाटा काढला. पहिल्यांदा झाकण एका कोपऱ्यात पेन्सिलीइतकं वर राहिलं. आणखी पत्रा कापला. शेवटी झाकण बसलं. मी शीळ घालत स्क्रू फिरवले.

नोरीन तेव्हाच दुखण्याची तक्रार करायला लागली होती. ती गॅरेजच्या दारात येऊन म्हणायची, "डॉक्टरकडे गाडीने सोडतोस का?" मी म्हणायचो, "बसने जाशील का आज? हे उघडं पडलंय सगळं." ती दोनदा बसने गेली.

जुन्या डिस्कवरून तिच्या एकसष्ट आकृत्या नव्या डिस्कवर घेतल्या. एकूण एक उघडून बघितल्या. तिने विचारलं, "आणखी कुठे ठेवल्यात ना?"

"जुनी डिस्क आहे की."

ते तेव्हा खरं होतं.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्या ह्या यंत्राला चार गिगाबाइटपर्यंतच मोजता येतं. त्याच्या पुढच्या जागेवर लिहायला सांगितलं तर ते थांबत नाही, चूक झाली असं म्हणतही नाही. ते डिस्कच्या आरंभाला परत जातं आणि तिथे जे आहे त्याच्यावरच लिहीत सुटतं. अमिगावाल्यांना हे पाठ असतं. मोठी डिस्क बसवलीत तर पहिलाच भाग वापरा, बाकी रिकामं सोडा. नाहीतर एक लहान प्रोग्रॅम आहे, यंत्र सुरू होताना तो आधी चढवायचा, मग पुढचंही मोजता येतं. क्लबात नवा माणूस आला की हे त्याला मीच सांगायचो. वर दम भरायचो, "हे विसरलास तर रडत माझ्याकडे येऊ नकोस."

मी डिस्कचे दोन भाग केले. पहिला छोटा, नोरीनचा. दुसरा प्रचंड मोठा, माझ्या खेळांचा आणि गाण्यांचा. तो लहान प्रोग्रॅम घातला. सगळं व्यवस्थित चालत होतं.

एप्रिलमध्ये नोरीनला हॉस्पिटलात ठेवलं आणि तिथून मेच्या सुरुवातीला हॉस्पिसमध्ये नेलं. म्हणजे आता बरं करायचं नाही, दुखू द्यायचं नाही, एवढंच. तिला दुसऱ्या कशाची काळजी नव्हती. "इलेनला तिची आकृती छापून दे," ती सांगायची. इलेन कॅमिश म्हणजे फायलीची, साठीला आलेली, शाळेत स्वयंपाकाला होती. तिच्या आजीची वीण नोरीनने तीस वर्षांपूर्वी उतरवली होती. ऑक्टोबरमध्ये इलेनचे वडील नव्वद वर्षांचे होणार होते आणि तिला त्यांच्यासाठी त्यांच्या आईच्या विणीची गॅन्सी विणायची होती.

"छापतो," मी म्हणायचो. "प्रिंटरची शाई आणायची आहे."

पहिला शनिवार आला. नोरीनच म्हणाली, "जा तू क्लबात. इथे बसून माझ्या नळ्या मोजतोस." मी अमिगा गाडीत घातला आणि गेलो.

झाकण बंद अमिगा बघून मॅल्कमने आधी खालून वाकून पाहिलं, मग वरून कान लावला. आतली डिस्क घरघरत होती. "मानलं बाबा," तो म्हणाला. "पाणबुडीसारखा आवाज येतोय, पण मानलं." सगळे जमले. कुणीतरी माझ्या हातात बेकनचं सँडविच दिलं. बायको मरायला टेकलेली असताना मी त्या दिवशी सुखात होतो.

मॅल्कमने एक फ्लॉपी आणली होती, गाण्यांचा जुना संग्रह. ती फ्लॉपी घालूनच यंत्र सुरू करावं लागायचं. तसं केलं. गाणी वाजली. कुणीतरी म्हणालं, "हे तुझ्या त्या गोदामात भरून घे की." मी दुसरा भाग उघडायला गेलो तर यंत्र म्हणालं, हा भाग ओळखता येत नाही, कोरा दिसतो.

फ्लॉपीवरून सुरू केल्यामुळे तो लहान प्रोग्रॅम चढलाच नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं यंत्र असतं तर अर्ध्या मिनिटात आलं असतं. पण आठ-दहा माणसं मागे उभी होती आणि मॅल्कम म्हणाला, "काय झालं? मावलं नाही वाटतं?"

"मावतंय," मी म्हणालो आणि तो भाग नव्याने कोरा करायला लावला. पूर्ण. यंत्र वीस मिनिटं काम करत होतं. आम्ही चहा प्यायलो. मग गाणी भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर कॅमिशची आकृती छापायला म्हणून नोरीनचा भाग उघडला. तो रिकामा होता.

तेव्हा कळलं. यंत्र चार गिगाबाइटच्या पुढे न जाता आरंभाला परत आलं होतं आणि त्याने नोरीनचाच भाग कोरा केला होता. तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मॅल्कमला कळता कामा नये. मग जुन्या डिस्कची आठवण झाली आणि जीव भांड्यात पडला. मॅल्कम मेलेल्या डिस्कची भिंतीवरची घड्याळं करतो. माझी जुनी डिस्क मी त्यालाच दिली होती, काम झालं म्हणून. त्याला फोन केला.

"अरे, ती झाली की," तो म्हणाला. "चॅपलच्या स्वयंपाकघरात लावली आहे. आज तिच्याखालीच तर उभा होतास चहा घ्यायला."

मग त्याला सांगावंच लागलं. तो लगेच माझ्याकडे आला. नवी डिस्क काढून घेऊन गेला. दोन आठवडे त्याने प्रयत्न केला. नावं मिळाली. नोरीन प्रत्येक आकृतीला त्या बाईचं आडनाव द्यायची. एकसष्ट नावांची यादी त्याने छापून आणली. आकृती एकही मिळाली नाही.

"नोरीनला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगतो."

नाही सांगितलं. ती रोज विचारायची. आधी "छापलंस का" असं. नंतर बोलायला त्रास व्हायला लागला तेव्हा नुसतं, "डिस्क?"

"चालतेय," मी म्हणायचो. "सुरेख चालतेय. तू झोप."

लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाला कशाला दुःख द्यायचं. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण खरं ते नाही. तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं. मी स्वतःला वाचवलं.

अंत्ययात्रेला इलेन आली होती. माझा हात धरून म्हणाली, "आकृतीची घाई नाही बरं का. तुम्हाला सवड झाली की." मी मान हलवली. जुलैत तिचा फोन आला. मी म्हणालो, प्रिंटर बिघडलाय. ऑगस्टमध्ये ती स्वतः आली, फायलीहून बसने, डब्यात घरचा केक घेऊन. मी म्हणालो, प्रिंटर दुरुस्तीला दिलाय. तो मागच्या खोलीत टेबलावर होता आणि दार उघडं होतं.

तिने प्रिंटरकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुम्हाला तिच्या वस्तूंना हात लावायला जड जात असेल," ती म्हणाली. "मला कळतं ते. तुम्ही नुसतं यंत्र चालू करा. मी पडद्यावरून बघून कागदावर काढून घेईन. दिवसभर बसेन हवं तर."

एवढं सोपं करून दिल्यावर पळायला जागा राहिली नाही. मी सांगितलं. डिस्क, क्लब, फ्लॉपी, सगळं. तिला त्यातलं निम्मं कळलं नसेल.  ती डब्यावर हात ठेवून बसली होती.

"म्हणजे गेली," ती म्हणाली.

"गेली."

"सगळ्यांची?"

"हो."

"नोरीनला माहीत होतं?"

"नाही."

इलेन खिडकीकडे बघत होती. "तिने मला फोन केला होता हॉस्पिसमधून. मरायच्या आधी आठवडाभर. बोलता येत नव्हतं नीट. म्हणाली, गॉर्डनने सगळं मोठ्या डिस्कवर ठेवलंय, आता मला घोर नाही."

 

"तुम्ही माझ्याबरोबर चला," ती उठत म्हणाली. "बाबांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

आम्ही एकाच बसने गेलो आणि वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

विल्फ, तिचे वडील, खुर्चीत बसून रेडिओवर क्रिकेट ऐकत होते. इलेनने रेडिओ बंद केला. मी उभ्याउभ्या सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पन्नास वर्षं खेकडे धरलेले हात मांडीवर ठेवलेले होते.

"बस रे पोरा," ते म्हणाले. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. "आईने तुझ्या बायकोला दोनदा हाकलली होती. तिसऱ्यांदा पाऊस होता म्हणून आत घेतली."

"तुम्हाला काही आठवतं का? थोडं जरी? मी चौकोनी कागद आणलाय."

"मी घालायचो. विणायची ती." त्यांनी छातीवर बोट ठेवून इकडून तिकडे नेलं. "इथे दोन पीळ होते. का तीन. मधे शिडीसारखं काहीतरी. का ते माझ्या भावाच्या गॅन्सीवर होतं?" ते थोडा वेळ आठवत राहिले. मग त्यांचा चेहरा असा झाला की इलेनने लगेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणापर्यंत आपल्याला आठवत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. वीण कुठेतरी आहे म्हणून त्यांनी आठवायचा प्रयत्नच कधी केला नव्हता. तेही मीच त्यांच्या पदरात घातलं.

"चहा टाक," ते इलेनला म्हणाले. "पाहुणा आहे."

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा इलेन म्हणाली, "मी साधी विणणार. पूर्ण सुलट. पीळ नाही, शिडी नाही, काही नाही. मनाने काहीतरी घालून कॅमिशांची म्हणून मी खपवणार नाही." मी तिला म्हणालो की मला फार वाईट वाटतं. "वाटायलाच हवं," ती म्हणाली. "तुम्ही वाढदिवसाला या. नाही असं म्हणू नका."

ऑक्टोबरमध्ये लाइफबोटीच्या ठाण्याजवळच्या हॉलमध्ये वाढदिवस होता. शंभर तरी माणसं असतील. पोर्क भरलेल्या पेस्ट्र्या, सँडविचं, मोठा केक. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो, तर इलेनने मला उठवून विल्फच्या शेजारी नेऊन बसवलं. विल्फने नवी गॅन्सी घातली होती. गडद निळी, सुरेख बसलेली, आणि छातीवर एकही खूण नाही.

फायलीत माणूस तोंडाकडे बघायच्या आधी छातीकडे बघतो. पहिला म्हातारा पुढे आला, विल्फचा हात हातात घेतला आणि थबकला. "ही कुठली रे वीण? तुमची नाही ही."

विल्फनी इलेनकडे बघितलं. इलेन बशा लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "गॉर्डनना विचारा."

मी सांगितलं. पहिल्यांदा सांगताना मी चार गिगाबाइटचं समजवायला गेलो. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. दुसऱ्याला थोडक्यात सांगितलं: माझ्या बायकोने जपून ठेवलेली वीण मी फुशारकी मारताना पुसून टाकली. तिसऱ्याला, चौथ्याला तेच. एकाने माझ्या पाठीवर थोपटलं. एकजण सरळ केकच्या टेबलाकडे गेला. प्रत्येक वेळी इलेन आपलं काम करत होती आणि प्रत्येक वेळी ती ऐकत होती.

मग विनी हॅक्सबी आली. पंच्याऐंशीची असेल, हातात काठी. तिने विल्फच्या गॅन्सीकडे बघितलं, माझं ऐकून घेतलं आणि माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"तुझी नोरीन आमच्याकडेही यायची," ती म्हणाली. "आईकडे. आई पडून होती तेव्हा. पलंगाशी बसून लिहायची."

"हो."

"आई म्हणायची, बरं झालं, आता मी विसरले तरी चालेल." विनीने काठी गुडघ्यांमध्ये धरली. "आमची पण त्यातच होती का?"

मॅल्कमने छापलेली यादी मला पाठ आहे. हॅक्सबी तेविसावी.

"होती," मी म्हणालो.

ती रडली नाही, रागावलीही नाही. वळून हॉलच्या पलीकडे बसलेल्या एका बाईला तिने हाक मारली, "एडना, इकडे ये जरा." मग मला म्हणाली, "माझी बहीण आहे. तिला कमी ऐकू येतं. मोठ्याने सांग."

एडना हळूहळू खुर्च्यांमधून वाट काढत आली. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले होते. मी उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं.